कोनसेट घरी बदलताना: वाटी पूर्ण टेकली का आणि नट किती आवळला

नवा कोनसेट, म्हणजे मोटरसायकलचं हँडल ज्यावर फिरतं तो वाट्या, कोन आणि छऱ्यांचा संच, टाकून चार महिने होत नाहीत तोवर हँडल पुन्हा मधोमध अडकायला लागतं आणि दोष सरळ पार्टवर जातो. बहुतेक वेळा पार्ट चांगलाच असतो. वाटी हेडपाइपमध्ये पूर्ण टेकलेली नसते, नाहीतर नट छिन्नीने ठोकून आवळलेला असतो. पहिल्यांदा हे काम घरी करणारे सगळा वेळ आणि ताकद खोलण्यात घालवतात आणि अंधार पडत आला की जोडणी उरकतात. या कामात खोलणं सोपं आहे, जोडणी नाजूक आहे. म्हणून खोलण्याबद्दल लागेल तेवढंच लिहिलंय. वाटी बसवणं आणि नट जुळवणं यावर जास्त थांबलोय.

हे सगळं १०० ते १६० सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत सुटे छर्रे असतात. काहींत पिंजऱ्यातले छर्रे किंवा टेपर रोलर येतात; त्यांचा क्रम हाच, छर्रे मोजण्याचा भाग तेवढा वगळायचा.

नावं आधी ठरवून घेऊ. चेसिसच्या पुढच्या टोकाला असलेला उभा नळा म्हणजे हेडपाइप. त्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडात ठोकून बसवलेल्या दोन वाट्या. दोन्ही शॉकप धरणारा खालचा भाग म्हणजे टी. तिचा दांडा हेडपाइपमधून वर येतो. दांड्याच्या बुडाशी घट्ट बसलेला एक कोन, वर हाताने निघणारा दुसरा कोन. वाटी आणि कोन यांच्यामध्ये छर्रे.

## १. आधी खात्री करा, दोष कोनसेटचाच आहे का

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर वाटीत छऱ्यांचे खड्डे पडलेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागी त्याच छऱ्यांवर बसतो, तिथलं ग्रीस दाबून बाहेर जातं आणि धातू धातूवर आपटत राहतो. खालची वाटी नेहमी आधी जाते. भार तिच्यावर जास्त आणि चाकाने उडवलेला चिखलही तिच्याच वाट्याला.

आता चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी पुढे-मागे हलवा. ‘कट’ असा आवाज आला म्हणजे लगेच कोनसेट असं समजू नका. एक बोट हेडपाइप आणि टी यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट. शॉकपच्या सीलजवळ जाणवली तर शॉकपमधली झीज. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवल्यावर ते एक्सलवर हललं तर चाकाचं बेअरिंग.

नुसता खेळ असेल आणि हँडल कुठेही अडकत नसेल, तर वाट्या बदलायची गरज बहुधा नसते. खोलून, साफ करून, नवं ग्रीस भरून नट जुळवला की भागतं. पण खाच जाणवली तर नट सैल-घट्ट करून काही साधत नाही. खड्डा तिथेच राहतो.

ज्यांच्या गाड्या कृष्णेच्या पुरात बुडाल्या त्यांनी खाच जाणवायची वाट पाहू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत गाड्यांचं इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर लोकांनी तातडीने बदलले. हेडपाइपमध्ये शिरलेला गाळ मात्र कितीतरी गाड्यांत तसाच राहिला. बुडालेली गाडी चालू झाली तरी कोनसेट एकदा उघडून पाहायलाच हवा.

## २. सामान जमवा, मगच पाना लावा

कोनसेट घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा. नाव तेच राहून मधल्या वर्षी चेसिस बदललेली असते. घरी आल्यावर पुडी उघडून बघा: चार रेस (दोन वाट्या, दोन कोन) आहेत का, छर्रे आहेत का, वरचे आणि खालचे छर्रे एकाच मापाचे आहेत का. काही गाड्यांत वर बारीक आणि खाली मोठे असतात. अशा पुड्या एकत्र ओतू नका.

छर्रे कोनसेटसोबत आले नसतील तर वेगळे नवे घ्या. नव्या वाटीत जुने छर्रे टाकायचे नाहीत. पाव इंचाचा म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा छर्रा बऱ्याच गाड्यांत चालतो, पण जुना छर्रा कॅलिपरने मोजूनच विकत घ्या.

हत्यारांत पाना-बॉक्सचा सेट, ॲलन की, लोखंडी हातोडी, रबरी हातोडी आणि छिन्नी घरात असतातच. खास लागतात त्या चार गोष्टी.

पहिली, हूक पाना. खाचा असलेला नट फिरवायला हाच हवा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ किंवा सांगलीत हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात विचारा, फार महाग नसतो. दुसरी, साधारण दीड फुटाचा, १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी रॉड, ज्याच्या टोकाची कड गोल नसून सरळ कापलेली आहे. तिसरी, फूटभर लांबीचा १२ मिलिमीटरचा थ्रेड रॉड, त्याचे दोन नट आणि वाटीच्या तोंडाहून मोठे दोन जाड वॉशर. वॉशर मिळाले नाहीत तर कोडोली किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या मधोमध भोक पाडून घ्या. चौथी, टीच्या दांड्यावरून जेमतेम सरकेल असा पाइपचा तुकडा, दांड्याहून थोडा लांब.

ग्रीस लिथियम बेसचं, पाण्याला टिकणारं, एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा, डब्यावर लिहिलेला असतो). डब्यात वर्षभर उघडं पडलेलं, धूळ बसलेलं ग्रीस यात वापरू नका.

तपासा: कोनसेट हातात आल्यावर नव्या वाटीचा बाहेरचा व्यास मोजून लिहून ठेवा. जुनी वाटी निघाली की तिच्याशी ताडून पाहायचाय. मग दोन्ही वाट्या आणि खालच्या कोनाव्यतिरिक्त बाकीचं सगळं खोक्यात ठेवा. वाट्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये. खालचा कोन फ्रीझरमध्ये जाणार नाही. तो दांड्यावर बाहेरून बसतो, त्याला आकुंचन नको, प्रसरण हवंय.

## ३. गाडी उभी करणं आणि घट्ट नट आधीच सैल करणं

सपाट काँक्रीटवर काम करा. शेणानं सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात मेन स्टँड खचतो, आणि खाली पडलेला छर्राही सापडत नाही.

चाक जमिनीवर असतानाच हे नट फक्त अर्धा आटा सैल करून पुन्हा हलके टेकवा: पुढच्या एक्सलचा नट, टीवरचे शॉकप धरणारे बोल्ट आणि दांड्याच्या टोकावरचा मोठा नट. गाडी वर उचलल्यावर हे फोडायला गेलात तर अख्खी गाडी डुलते.

मग मेन स्टँड. स्टँडचा पाय पुढे चेसिसला दोरीने बांधा, म्हणजे हातोडीच्या धक्क्याने तो मिटणार नाही. इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक, पुढचं चाक जमिनीपासून चार इंच वर. ज्या गाड्यांना मेन स्टँड नाही त्यांना मागे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) आणि पुढे इंजिनखाली जॅक, दोन्ही लागतील. शॉकपला खालून उचलणारा पुढचा स्टँड इथे कामाचा नाही, कारण शॉकपच उतरणार आहेत.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोलची टाकीही काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पाना निसटून टाकीला पोचा पडला तर त्याचा खर्च कोनसेटच्या कितीतरी पट असतो.

थांबा, फोटो काढा. क्लचची केबल हेडपाइपच्या कुठल्या बाजूने जाते, ॲक्सिलरेटरची केबल वायरिंगच्या पुढून की मागून, ब्रेकचा होज कुठल्या क्लिपमध्ये आहे. समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि वरून. जोडताना याच फोटोंवर काम चालतं.

## ४. पुढचा भाग उतरवणं

क्रम असा ठेवा: हेडलाइट आणि मीटर, पुढचा ब्रेक, चाक, मडगार्ड, हँडल, शॉकप.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर काढून तारेने चेसिसला टांगा. होजवर लोंबकळत सोडू नका. दोन्ही पॅडमध्ये लाकडाची चपटी पट्टी घाला. कुणी चुकून ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि मग डिस्क आत शिरत नाही. एबीएसच्या गाडीत चाकाजवळचा सेन्सर आधी मोकळा करा, त्याची तार ओढली जाऊ देऊ नका.

हँडल काढलं की जाड फडक्यावर मागे आडवं ठेवा, ब्रेक ऑइलची डबी उभीच राहील असं. ती आडवी झाली तर हवा शिरते, आणि ऑइल रंगावर सांडलं तर रंग उखडतो. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

शॉकपचे दोन प्रकार भेटतात. काही गाड्यांत वरची प्लेट (दांड्याच्या वरच्या टोकावर बसते ती) शॉकपच्या नळीला बाजूच्या बोल्टने आवळते. बोल्ट सैल केले की शॉकप फिरवत फिरवत खाली निघतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र वरच्या प्लेटवरून येणारा मोठा बोल्ट हेच शॉकपचं झाकण असतं. त्याच्या खाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचे दोन-तीन आटे राहिले की तळहाताने वरून दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा आणि मग बोल्ट सोडा. असा शॉकप काढल्यावर उभाच ठेवायचा, आडवा केला तर ऑइल जातं. डावा कोणता, उजवा कोणता हे टेप लावून लिहा.

## ५. टी खाली घेणं

खाली एक मोठं ताट किंवा जुनी चादर अंथरा. दांड्याचा वरचा नट काढा, वरची प्लेट उचला. आता खाचांचा नट दिसेल. एका हाताने टी खालून घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नट फिरवा. नट निघताच टी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि छर्रे सांडतात.

टी इंचभर खाली घ्या, थांबा, चुंबकाने खालचे छर्रे वेचा, मग पूर्ण काढा. त्यानंतर वरचे. दोन्हीकडचे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि मोजून कागदावर लिहा: वर किती, खाली किती. हा आकडा गाडीगणिक बदलतो; दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. आणि आधीच्या कुणी एखादा छर्रा कमी घातला असण्याचीही शक्यता असते, त्याचा ताळा आपण नवव्या टप्प्यात घेऊ.

वाटी डिझेलच्या फडक्याने पुसा आणि उन्हात तिरकी धरून बघा. समोर आणि मागे ओळीने बारीक चकचकीत ठिपके दिसतील. नख फिरवलं की ते अडकतं. इतक्या बारीक खड्ड्यांनी घाटातल्या वळणावर गाडी हातातून ओढल्यासारखी वाटते.

## ६. जुन्या वाट्या काढणं

वरची वाटी खालून आणि खालची वाटी वरून ठोकून काढायची. रॉड हेडपाइपमधून आत घाला आणि वाटीची आतली कड चाचपून पकडा. एकदा डावीकडे ठोका, एकदा उजवीकडे, मग पुढे, मग मागे. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर वाटी तिरकी होऊन हेडपाइपचं तोंड अंडाकृती करते. त्यानंतर नवी वाटी कधीच घट्ट बसत नाही, हे नुकसान घरी भरून निघत नाही.

काही गाड्यांत वाटीची कड आतून दिसतच नाही, रॉडला टेकायला जागा मिळत नाही. अशा वेळी वेल्डिंगवाल्याला बोलवा. वाटीच्या आतल्या गोलाईवर वेल्डिंगचा एक पट्टा ओढला की थंड होताना वाटी आकसते आणि जवळजवळ हातानेच निघते.

सावध: वेल्डिंग करायचं तर टाकी गाडीपासून दूर, बॅटरी पूर्ण काढलेली आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) कनेक्टर सुटा केलेला हवा. वेल्डिंगची अर्थिंगची तार वाटीपाशीच लावा, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नको.

टीच्या दांड्यावरचा खालचा कोन काढायला छिन्नी लागते. कोन आणि टी यांच्या फटीत समोरासमोर दोन बाजूंनी आलटून पालटून हलके ठोका. फट पडली की जाड स्क्रू ड्रायव्हर दोन्हीकडून घालून उचला. मुळीच हलला नाही तर ग्राइंडरने कोनावर एक चीर द्या, पण दांड्यापर्यंत पोचू नका. दांड्याला लागलेली चीर म्हणजे टी बदलायची. कोनाखाली रबरी सील असेल तर त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा.

## ७. नव्या वाट्या बसवणं

इथे घाई नाही. चहा घ्या, हात धुवा.

हेडपाइपची दोन्ही तोंडं आतून डिझेलने पुसा, मग कोरड्या फडक्याने. वाटी टेकते ती आतली पायरी बोटाने चाचपा. गंजाची पापडी, रंगाचा थेंब, छिन्नीने उठलेला काटा यांतलं काहीही राहिलं तर वाटी तेवढी वर राहते. बारीक पॉलिश पेपरने काटा उतरवा, पण भोक मोठं होईल इतकं घासू नका. हेडपाइपच्या वेल्डिंगपाशी तडा दिसतो का तेही याच वेळी पाहा. तडा दिसला तर काम तिथेच थांबवा.

तपासा: जुन्या वाटीचा बाहेरचा व्यास मोजा आणि आधी लिहिलेल्या मापाशी जुळवा. फरक असेल तर वाटी परत करायची हीच शेवटची वेळ. एकदा ठोकलेली वाटी दुकानदार घेत नाही.

आता फ्रीझरमधल्या वाट्या. ४५ मिलिमीटर व्यासाची लोखंडी वाटी फ्रीझरमध्ये ठेवली तर ३५ अंशांच्या हवेच्या तुलनेत सुमारे ०.०३ मिलिमीटरने आकसते. ऐकायला काहीच नाही, पण वाटी घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरकही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे हेडपाइपला आधी ऊन लागू द्या आणि वाटी एकेक करूनच बाहेर काढा. बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. ते पुसा, बाहेरच्या अंगाला ग्रीसचं बोट फिरवा आणि तोंडावर सरळ ठेवा.

रबरी हातोडीने चारही बाजूंनी हलके टेकवा, एवढंच. पुढचं काम थ्रेड रॉडचं. रॉड हेडपाइपमधून घाला, एका टोकाला नव्या वाटीवर जाड चकती, दुसऱ्या टोकाला हेडपाइपवर चकती, आणि दोन पान्यांनी नट फिरवत वाटी ओढून घ्या. चकती वाटीच्या बाहेरच्या कडेवरच दाबायला हवी, छर्रे फिरतात त्या गोलाईवर नाही. कड खाली आणि गोलाई वर असेल तर जुनी वाटी उलटी ठेवून तिच्यावरून दाबा. त्याआधी जुन्या वाटीला ग्राइंडरने एक चीर द्या, नाहीतर तीच आत अडकून बसते. दोन्ही वाट्या एकदम ओढू नका. एक पूर्ण टेकवा, मग दुसरी.

थ्रेड रॉड नसेल आणि ठोकणंच भाग असेल तर आवाज ऐका. वाटी सरकत असेपर्यंत आवाज बसका येतो. पायरीला टेकली की एकदम खणखणीत होतो. तो आला की पुढे एकही फटका नको.

तपासा: वाटी आणि हेडपाइपच्या कडेमध्ये कागदाची पट्टी सगळीकडून घालून बघा. कुठेही कागद शिरला तर वाटी टेकलेली नाही. ‘चालवल्यावर बसेल’ असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. बसते हे खरं, पण कधी? यवतेश्वरच्या घाटात पहिल्या मोठ्या खड्ड्यावर. आणि ती बसली की तुम्ही जुळवलेला नट तेवढाच सैल होतो, हँडल खडखडायला लागतं.

## ८. दांड्यावर खालचा कोन

आधी सील, मग कोन. सील विसरलं तर कोन पुन्हा काढावा लागतो, आणि काढलेला कोन सहसा खराब होतो.

कोन स्वयंपाकाच्या तेलात किंवा हॉट एअर गनने गरम करता येतो. १०० अंशांच्या आसपास पुरे, थेट गॅसच्या ज्योतीवर धरू नका, त्याचा कडकपणा जातो. टी उभी धरा, तिच्या बुडाखाली लाकूड द्या. जाड मोजे घालून कोन दांड्यावरून सोडा, पाइपचा तुकडा वरून घाला आणि हातोडीने सरळ ठोका. पाइप कोनाच्या आतल्या कडेवर टेकायला हवा. छर्रे फिरतात त्या भागावर पाइप लागला तर तिथेच पहिला खड्डा पडतो, गाडी रस्त्यावर यायच्या आधी.

टी उलटी करून आट्यांवर उभी ठोकू नका. आटे चेपले तर नट जुळवताना खोटा घट्टपणा लागतो आणि पुढचा सगळा अंदाज चुकतो.

## ९. ग्रीस आणि छर्रे

वाटीत ग्रीस भरपूर भरा, बोटाने दाबून. छर्रे त्यात चिकटवत गोल पूर्ण करा. गोल भरल्यावर एका छऱ्याहून थोडी कमी मोकळी जागा उरायला हवी. जागा अगदीच नसेल तर एक छर्रा जास्त झालाय; ते एकमेकांना घासतील आणि हँडल जड होईल. एखादा छर्रा सहज मावेल इतकी जागा असेल तर एक कमी आहे. कागदावरचा आकडा आणि ही जागा, दोन्ही जुळल्या पाहिजेत. पुडीत दोन छर्रे उरले म्हणून ते कोंबायचे नाहीत.

खालचे छर्रे टीवरच्या कोनावर ग्रीसमध्ये बसवणं सोपं जातं. टी सरळ वर न्या, तिरकी करू नका. तिरकी झाली की एखादा छर्रा निसटून दांड्याकडे आत पडतो आणि कळतही नाही. वर टेकली की एका हाताने धरून ठेवा, वरचे छर्रे तपासा, वरचा कोन घाला, खाचांचा नट हाताने जितका फिरेल तितका फिरवा. दांड्यालाही ग्रीसचा पातळ हात द्या. हेडपाइपमध्ये पाणी शिरतंच, विशेषतः वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट तिथे मारतात तेव्हा.

## १०. नट जुळवणं: सगळ्यात जास्त इथे चुकतं

हा नट गाडी घट्ट धरण्यासाठी नाही. घट्ट धरण्याचं काम वरच्या मोठ्या नटाचं आहे. खाचांचा नट फक्त छऱ्यांवरचा दाब ठरवतो. हे एकदा लक्षात आलं की छिन्नी आपोआप बाजूला ठेवली जाते.

पहिल्यांदा नट हूक पान्याने चांगला आवळा, टी फिरवताना जडपणा जाणवेल इतका. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच घ्या. टी दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा वेळा फिरवा. छर्रे आणि ग्रीस जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा. आता पुन्हा हळूहळू आवळा, जडपणा जेमतेम जाणवेपर्यंत, आणि तिथून सुमारे एक अष्टमांश फेरी मागे घ्या. टी वर-खाली, पुढे-मागे ओढून बघा. जराही खेळ नको. सोडल्यावर फिरायला मोकळी हवी.

पण ही जुळणी अजून कच्ची आहे. वरची प्लेट ठेवून मोठा नट आवळला की आट्यांमधला सैलपणा निघतो आणि छऱ्यांवरचा दाब वाढतो. म्हणून इथे थांबणारा माणूस हँडल जड झाल्याची तक्रार करतो. पुढे असं करा:

शॉकप टीमध्ये आणि वरच्या प्लेटमध्ये घाला, पण त्यांचे बोल्ट आवळू नका. शॉकप वरच्या प्लेटला आधीच आवळले तर प्लेट दांड्यावर मोकळेपणी बसत नाही आणि मोठा नट आवळूनही दाब कोनसेटपर्यंत पोचत नाही. मोठा नट मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. आता पुन्हा तपासा. जड झालं असेल तर मोठा नट सैल करा, खाचांचा नट किंचित मागे, मोठा नट पुन्हा. सैल वाटलं तर उलट. तीन-चार फेऱ्या होतात, होऊ द्या. हे जुळलं की मगच शॉकपचे बोल्ट, दोन्ही शॉकपची उंची वरच्या प्लेटपासून पट्टीने मोजून सारखी ठेवून.

ज्यांच्या शॉकपचं झाकण हाच वरचा बोल्ट आहे, त्यांनीही तो मोठ्या नटानंतरच पूर्ण आवळावा.

तपासा: चाक लावल्यावर, चाक हवेत असताना हँडल मधोमध ठेवून बोटाने अगदी हलका धक्का द्या. ते स्वतःच्या वजनाने सावकाश एका बाजूला शेवटपर्यंत जायला हवं. दोन्ही बाजूंना सारखंच. मध्येच थांबलं तर घट्ट आहे, किंवा एखादी केबल ओढतेय. धाडकन आदळलं तर सैल असू शकतं, तेव्हा शॉकपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढून खेळ बघा. केबलची शंका आली तर ती क्लिपमधून काढून पुन्हा धक्का द्या.

## ११. बाकीची जोडणी

खोलल्याच्या उलट क्रमाने. वेगळी काळजी एवढीच: एक्सल पूर्ण आवळण्यापूर्वी गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून शॉकप चार-पाच वेळा दाबा म्हणजे दोन्ही शॉकप सरळ रेषेत येतात, मग एक्सल आणि मडगार्ड आवळा.

मीटरची केबल आणि एबीएसचा सेन्सर जागेवर आहेत ना पाहा. फोटो उघडा आणि प्रत्येक केबल ताडून बघा.

गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. कॅलिपर काढून घातल्यावर पॅड डिस्कपासून लांब असतात. पहिला लिव्हर पोकळ जातो. अंगणातून रस्त्यावर उतरतानाच हे आठवलं तर उशीर झालेला असतो.

इंजिन चालू करा आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशी गाडी बाहेर काढू नका.

## १२. चालवून पाहणं आणि पुन्हा आवळणं

पहिली फेरी सपाट, रिकाम्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. कासच्या रस्त्याला किंवा ठोसेघरच्या चढाला लागायचं नाही. हळू वेगात गाडी डावी-उजवी लचकत, स्वतःहून रेष धरत नसेल तर नट घट्ट आहे. स्पीडब्रेकरवर हँडलमध्ये ‘कट’ वाजलं किंवा पुढच्या ब्रेकला ठोका लागला तर सैल आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी घरी परत, दहावा टप्पा पुन्हा.

सगळं ठीक वाटलं तरी दोनशे ते पाचशे किलोमीटरच्या दरम्यान एकदा सांध्यावर बोट ठेवून ब्रेकची चाचणी आणि चाक उचलून धक्क्याची चाचणी घ्या. नव्या वाट्या थोड्या बसतात, त्यामुळे किंचित खेळ येणं नेहमीचं आहे. शॉकपचे वरचे बोल्ट सैल करा, मोठा नट सैल करा, खाचांचा नट केसभर पुढे घ्या आणि त्याच क्रमाने पुन्हा आवळा. वरचे बोल्ट सैल न करता नुसता नट फिरवलात तर प्लेट जागची हलत नाही आणि खेळ तसाच राहतो.

त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी पुरते. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनी मात्र हंगाम संपल्यावर आणि पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा बघावी. गाडी धुवायला दिलीत तर हेडपाइपच्या सांध्यावर प्रेशर मारू नका असं उभं राहून सांगा.